जात्याची घरघर आणि आवाजाचं माप



आमच्या गटाची बैठक म्हणजे आधी बचतीचा हिशोब, मग चहा, आणि चहाबरोबर कुणीतरी काहीतरी नवं काढणार. गेल्या पौषातही तसंच झालं. आमच्या भागातल्या रेडिओसाठी काम करणारा एक मुलगा बैठकीला आला. म्हणाला, "ताई, आवाज मोजायचा एक नवीन प्रोग्राम आलाय. अजून कच्चा आहे. घरच्या घरी, साध्या मोबाइलवर, साध्या माइकवर रेकॉर्डिंग करणाऱ्या बायका चाचणीसाठी पाहिजेत. तुम्ही वापरायचा, आणि कुठं चुकतो ते सांगायचं." अशा चाचणीला 'बीटा' चाचणी म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. बीटा हे ग्रीक भाषेतलं दुसरं अक्षर. पहिली चाचणी बनवणारे आपल्या घरात करतात, दुसरी बाहेरच्या माणसांकडून करून घेतात. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "म्हंजे पयली भाकर घरच्यायनं खायची, अन् दुसरी शेजारनीले द्यायची, मीठ बरोबर हाय का इचारायले." त्या मुलाला एवढं सोपं सांगता आलं नव्हतं.

आम्ही हो म्हटलं, त्याला कारण होतं. रेडिओवर जात्यावरच्या ओव्यांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम आमच्या गटाला मिळणार होता. अट एकच: रेकॉर्डिंग मापात बसलं पाहिजे.

सामान काय, तर एक जुना लॅपटॉप, एक स्वस्तातला कॉलर माइक, दोन मोबाइल आणि चार गोधड्या. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून दोरीवर गोधड्या टाकल्या. गोधडी आवाज पिते. शहरातल्या स्टुडिओत भिंतीला फोम लावतात, त्याचंही काम हेच.

प्रोग्राम तीन गोष्टी बघायचा. आवाज किती मोठा, त्यामागं गोंगाट किती, आणि सूर कुठं लागलाय. शेवटी हिरवी, पिवळी नाही तर लाल खूण. बचतीची माहिती वाचली, हिरवी. कपाशीवरच्या बोंडअळीची मुलाखत, पिवळी. मग आम्ही आमच्या गावातल्या एका आजींकडं गेलो. वय ऐंशीच्या पुढं. घरात अजून जातं आहे, आणि जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या आता गावात त्या एकट्याच उरल्यात. त्यांनी मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि गायला लागल्या. आमच्या अंगावर काटा आला. प्रोग्रामनं मात्र लाल खूण दिली. 'गोंगाट फार.' खाली बटण होतं, 'साफ करा'. ते दाबलं. जात्याची घरघर गेली, आणि तिच्याबरोबर ओवीच्या प्रत्येक ओळीचं शेवटचं लांबवलेलं टोकही गेलं. आजींच्या कानाला इयरफोन लावून ऐकवलं, तर त्या म्हणाल्या, "हा आवाज माहा नाई वं पोरी. कोनं गायलं हे?"

आधी आम्हांला वाटलं, चूक आपलीच. माइक धरता आला नसेल. पण आमच्यापैकी एकीचा बी.ए.ला इतिहास होता, तिच्या डोक्यातून तो प्रश्न जाईना. आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे पहिल्यांदा ठरवलं कुणी? म्हणून आम्ही हा शोध घेतला. त्यात जे सापडलं ते आज सांगतो.

माणसाचा सूर आकड्यात मोजायचं काम विलायतेत अलेक्झांडर एलिस नावाच्या विद्वानानं १८८५ साली मोठ्या प्रमाणावर मांडलं. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे त्यानं शंभर भाग केले. म्हणजे खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत बाराशे भाग. आजही आवाज मोजणारे प्रोग्राम हेच माप वापरतात. एलिसनं देशोदेशीची वाद्यं मोजली, त्यांत हिंदुस्थानातलीही होती. गंमत अशी की, एलिसचा स्वतःचा कान सुराला कच्चा होता. सूर ओळखायला तो हिपकिन्स नावाच्या पियानोच्या जाणकाराला शेजारी बसवायचा. म्हणजे माप एकाचं आणि कान दुसऱ्याचा, ही पद्धत पहिल्यापासूनची.

आपल्या महाराष्ट्रात हे काम घरी बसून केलं ते सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. आपल्या जुन्या ग्रंथांत एका सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत. त्या नेमक्या कुठं आहेत हे देवलांना मोजून काढायचं होतं. साधन साधंच, ताणलेली तार. तार मोकळी छेडली तर 'सा' धरा. बरोबर निम्म्यावर दाबली तर वरचा 'सा'. तीन भाग करून दोन भाग वाजवले तर 'प'. तारेची लांबी मोजली की सुराचा हिशोब मांडता येतो, त्याला वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. पण तारेला कान नसतो, म्हणून देवलांनी सोबत घेतलं अब्दुल करीम खाँसाहेबांना. किराणा घराण्याचे मोठे गवई, आपल्या हिराबाई बडोदेकरांचे वडील. खाँसाहेबांनी सूर लावायचा आणि देवलांनी मोजायचा. १९१० साली देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. क्लेमेंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले, आणि बावीस श्रुतींची खास पेटी लंडनला बनवून घेतली.

या पेटीची खरी चाचणी झाली १९१६ साली बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं आणि पंडित भातखंड्यांच्या पुढाकारानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद तिथं भरली होती. नामी गवई जमले होते. त्यांच्यापुढं ही पेटी आणि तिचा हिशोब आला, आणि तो मान्य झाला नाही. भातखंड्यांना देवलांचं गणित पटलं नव्हतंच. म्हणजे वर्षानुवर्षं मोजून बनवलेली वस्तू गाणाऱ्यांच्या कानापुढं टिकली नाही.

आम्हांला विचाराल तर देवलांचं यात काही वाया गेलं नाही. त्यांनी घरी बसून मोजलं, आणि मोजलेलं गाणाऱ्यांपुढं नेऊन ठेवलं. पुष्कळ मोजणारे एवढंही करत नाहीत. आणि पेटीची तक्रार पुढंही मिटली नाहीच. १९४० साली रेडिओनं पेटीवरच बंदी घातली, कारण काय तर तिच्या ठोकळेबाज पट्ट्यांत आपला गळा बसत नाही. तीसेक वर्षं ती बंदी चालली. आपल्या गावची भजनी मंडळं मात्र तेव्हाही पेटीवरच गात होती, आणि त्यांना कुणी विचारायला आलं नाही.

हे झालं सुराचं. आता यंत्र बायकांच्या आवाजाला कसं वागवत आलंय ते बघा, कारण आजींच्या लाल खुणेचं मूळ आम्हांला तिथं सापडलं.

हिंदुस्थानात गाण्याची तबकडी पहिल्यांदा भरली १९०२ साली, कलकत्त्यात. तेव्हा गायलेल्यांत गौहरजानही होती. तेव्हा माइक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं, तीनेक मिनिटांत गाणं संपवायचं, आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव ओरडून सांगायचं, कारण तबकडी जर्मनीत बनायची आणि तिथल्या कारागिराला ती कुणाची हे कळायला पाहिजे. कर्ण्याला फार बारीक आणि फार जाड असे दोन्ही आवाज पकडता यायचे नाहीत. जे गळे त्यात बसले ते आज ऐकायला मिळतात. जे बसले नाहीत ते गेले. विजेवर चालणारा माइक तबकडीच्या कामात आला १९२५ च्या सुमारास, तेव्हा कुठं हळू गाणाऱ्याला दार उघडलं.

मग आला रेडिओ. मुंबईचं केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. त्याच काळात अमेरिकेत श्रोत्यांच्या तक्रारी चालू होत्या की, रेडिओवर बायकांचा आवाज कर्कश लागतो. टेलिफोनवर संशोधन करणाऱ्या तिथल्या बेल प्रयोगशाळेतल्या स्टाइनबर्ग नावाच्या माणसानं १९२७ मध्येच लेख लिहिला. त्याचा निष्कर्ष असा की, बायकांचं बोलणं समजायला अवघड जातं, आणि त्याचं कारण त्यानं बायकांच्या गळ्यात शोधलं.

आता खरी भानगड ऐका. आपण 'स', 'श', 'च' म्हणतो ना, त्यांची धार फार वरच्या कंपनांत असते. बायकांच्या बोलण्यात तर पुरुषांपेक्षाही वर. आणि रेडिओच्या प्रत्येक केंद्राला तेव्हा अरुंद पट्टा वाटून दिलेला होता. त्या पट्ट्यात सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांच्या पुढचं काही मावायचं नाही. टेलिफोन तर त्याहून अरुंद, साडेतीन हजारांच्या आत सगळं उरकायचा. म्हणजे पुरुषाच्या आवाजापुरतं शिवलेलं पोलकं बाईला घालायला दिलं, आणि वर म्हटलं की हिचं अंगच बेढब. मोबाइलवरून बोलताना 'साठ' आणि 'आठ' यांत गल्लत होते, बँकेच्या बाई दोनदोनदा विचारतात, तेव्हा आपला उच्चार वाईट असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते या जुन्या कापलेल्या पट्ट्याचं देणं असतं.

आवाजाचा मोठेपणा डेसिबलमध्ये मोजायची रीतही टेलिफोन कंपनीतूनच आली. १९२० च्या दशकात बेल कंपनीतल्या लोकांनी ती ठरवली, आणि टेलिफोनच्या ग्रॅहम बेलवरून नाव पडलं. तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे त्यांना मोजायचं होतं. हेतू वाईट नव्हता. पण समोर टेलिफोनची तार होती, जातं नव्हतं.

देवलांच्या पेटीला सत्तर वर्षं होऊन गेल्यावर मुंबईत पुन्हा तसाच प्रयत्न झाला. नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे, लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी एनसीपीए म्हणतात. फ्रान्सहून आलेले बर्नार बेल हे इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकातले जाणकार १९८० च्या आसपास संगीताचे अभ्यासक जेम्स अर्नोल्ड यांच्याबरोबर काम करत होते. हे बेल वेगळे, टेलिफोनच्या बेलशी यांचा संबंध नाही. आधी त्यांनी बावीस श्रुतींसाठी विजेवरची पेटी केली. तिचा सूर हवा तिथं, अगदी बारीक फरकानं लावता यायचा. मग आणखी एक यंत्र केलं, गाणाऱ्याच्या आवाजाची रेघ काढणारं. गायक गात जातो आणि सूर कुठं चढला, कुठं उतरला, कुठं थबकला हे पडद्यावर रेघेसारखं उमटत जातं. आज ताप मोजावा तितक्या सहज हे काम मोबाइलवर होतं. तेव्हा त्यासाठी यंत्र जुळवायला लागायचं, आणि संगणकाची ताकद आजच्या साध्या मोबाइलच्याही पासंगाला पुरायची नाही.

त्या रेघांनी काय दाखवलं? गाणारा बावीस ठरलेल्या टिंबांवर उड्या मारत जात नाही. सूर हलता असतो. एकच 'ग' एका रागात थोडा वर, दुसऱ्यात थोडा खाली, आणि त्याच गवयाच्या त्याच गाण्यात येताना वेगळा, जाताना वेगळा. बडोद्याला गवयांनी कानानं जी पेटी नाकारली, तिचं कारण सत्तर वर्षांनी रेघेत दिसलं. म्हणून आम्हांला या बेलसाहेबांबद्दल आदर वाटतो. यंत्रात बसत नाही म्हणून त्यांनी गवयाला दोष दिला नाही, माप बदललं.

आणि हाच माणूस पुढं जात्यापाशी आला.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइतवाँ, हे दोघं खेड्यांतल्या गरीब बायकांमध्ये संघटनेचं काम करत होते. मुळशी, मावळच्या डोंगरी गावांत बैठका घेताना त्यांच्या ध्यानात आलं की, या बायका सभेत बोलत नाहीत, पण जात्यावर सगळं बोलतात. माहेर, सासर, मार, भूक, पंढरपूर, भाऊ. मग १९८० च्या दशकात ओव्या उतरवून घ्यायचं काम सुरू झालं, आणि ते गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हातांनी झालं. वाढत वाढत हजाराहून जास्त गावं झाली आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. प्रत्येक ओवीला गाणारणीचं नाव आणि गाव लावलेलं. हे आम्हांला फार मोलाचं वाटतं, कारण सरकारी कागदावरसुद्धा आपल्या नावाआधी नवऱ्याचं किंवा बापाचं नाव शोधतात.

पण कागदावरची ओवी म्हणजे वाळवलेली भाजी. चाल कागदावर येत नाही. १९९० च्या दशकात बर्नार बेल या कामात आले, आणि त्यांनी ओव्या गाणारणींच्या गावात जाऊन आवाजासकट घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी वापरली डॅट नावाची टेप. ती आवाज आकड्यांत भरते, पण जागा वाचवायला त्यातलं काही फेकून देत नाही. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाजाची नोंद घेते. आपला मोबाइल ज्या पद्धतीनं आवाज भरतो, त्यात बहुतेकदा 'हे माणसाला ऐकू येणार नाही' असं ठरवून पुष्कळसं टाकून दिलेलं असतं. एकदा टाकलेलं परत येत नाही. या टेपांवर सुमारे साडेचार हजार ओव्या आल्या, एकशेवीस तासांच्या वर. १९९६ साली ही मंडळी मराठवाड्यातही फिरली. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगर वस्तीत बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या आज ऐकता येतात. आपल्या जिल्ह्याला लागूनच मराठवाडा. कान देऊन ऐकलं तर काही शब्द आपल्याच आज्यांचे वाटतात.

पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून हा सगळा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात थोडाथोडा करून सगळ्यांसाठी खुला होतो आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी हा संग्रह उभा केला. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहिणारे तेच. आमच्या गटानं गेल्या महिन्यात एका दुपारी यातल्या ओव्या लावल्या. कापूस वेचून आलेल्या बायका, पाय पसरून बसलेल्या. एकीनं तर मध्येच ओळ उचलली आणि पुढची तिनंच म्हटली, टेपच्या आधी.

या सगळ्यात माइक आपल्यासमोर धरला गेला तो दुसऱ्याच्या हातानं. तो आपल्या हाती यायला कायदा बदलावा लागला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची खासगी नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची मुभा मिळाली. १५ ऑक्टोबर २००८ ला आताच्या तेलंगणातल्या माचनूर गावी 'संगम रेडिओ' सुरू झाला, आणि तो चालवणाऱ्या दोघीही दलित शेतकरी कुटुंबांतल्या मुली. आपल्याकडं साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. शंभर वॉटची ताकद, दहापंधरा किलोमीटरचा पल्ला. एवढ्यात बारापंधरा गावं आरामात येतात, आणि बारापंधरा गावं म्हणजे आपलं सगळं माहेर-सासर.

तर आता परत आजींच्या ओसरीवर येऊ.

हे सगळं वाचल्यावर आम्ही ठरवलं, चाचणी म्हणतात ना, मग नीट चाचणी करू. नुसतं 'चालत नाही' म्हणून काय उपयोग? देवलांनी तार मोजली, आपण जातं मोजू. एकाच ओवीची वेगवेगळी रेकॉर्डिंगं केली. आजी जात्याशिवाय गातात. जातं रिकामं फिरतं, गाणं नाही. जात्यात ज्वारी, गाणं नाही. ज्वारी आणि गाणं दोन्ही. माइक एक हातावर, मग दोन हातांवर, मग उंबऱ्यात. शेजारची मोटार चालू, मोटार बंद. प्रत्येकाची वहीत नोंद, ज्या वहीत आम्ही हप्ते लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानांवर. आजी आधी कंटाळल्या, मग त्यांनाच मजा वाटायला लागली. "रिकामं जातं फिरवू नोका, पाळी झिजते," म्हणून ओरडल्याही. ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. रिकाम्या जात्याचं एकच रेकॉर्डिंग ठेवलं आणि थांबलो.

चौथ्या दिवशी उलगडा झाला. तो प्रोग्राम रेकॉर्डिंगचे पहिले दोन सेकंद ऐकून 'हा इथला गोंगाट' असं मनात धरायचा. स्टुडिओत ते बरोबर आहे, तिथं माणूस बोलायच्या आधी दोन सेकंद गप्प असतो आणि पंख्याचा आवाज तेवढा येतो. पण जात्यावर बाई आधी जातं फिरवते, हाताला लय सापडली की मग तोंड उघडते. त्यामुळं प्रोग्रामनं जात्यालाच गोंगाट धरलं, आणि पुढं जिथं जिथं घरघर तिथं तिथं कात्री चालवली. ओळीचं टोक आजी हळू सोडतात, ते घरघरीत मिसळतं, म्हणून तेही कापलं गेलं.

उपाय सोपा निघाला. आधी दोन सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, मग जातं, मग ओवी. घरात दोन सेकंद गप्प बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. एकदा कोंबडा, एकदा नातू, एकदा आमच्यातल्याच एकीला हसू आलं. पण जमलं. लाल खूण पिवळी झाली. 'साफ करा' दाबलं तरी जातं शाबूत राहिलं. ओळीचं टोक मात्र अजून थोडं तुटायचंच.

हे सगळं वहीवरून उतरवून आम्ही बनवणाऱ्यांकडं पाठवलं, रेकॉर्डिंगांसकट. पंधरा दिवसांनी नवीन आवृत्ती आली, तीत कोणता भाग गोंगाट धरायचा हे आपण बोटानं दाखवायची सोय होती. टोकाबद्दल त्यांनी लिहिलं की बघतो. ते अजून बघताहेत.

रेडिओवाल्यांशी मात्र आम्हांला भांडावं लागलं. त्यांना हिरवी खूण पाहिजे होती. आम्ही त्यांना दोन्ही ऐकवली, साफ केलेली ओवी आणि मूळची, डोळे मिटायला सांगून. साफ केलेली ऐकताना तो मुलगा म्हणाला, छान आहे. मूळची ऐकताना काही बोलला नाही. ती संपल्यावर म्हणाला, "ताई, हीच घेऊ." आता रेडिओवर जात्यावरच्या गाण्यांना पिवळी खूण चालते, आणि मूळची रेकॉर्डिंगं कुठलीही काटछाट न करता दोन ठिकाणी ठेवलेली आहेत. एक प्रत लॅपटॉपमध्ये, एक आमच्या गटाच्या पेटीत, पासबुकांच्या खाली, पेनड्राइव्हवर.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी वीज गेली होती. मोबाइलच्या रेडिओवर ऐकला, आजींच्या ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात, दहाबारा जणी. आजी मान खाली घालून ऐकत होत्या. हात मांडीवर गोल फिरत होता. संपल्यावर आम्ही विचारलं, "आजी, कसा वाटला?"

"जातं थोडं जोरात हाय," त्या म्हणाल्या. "पन माहंच हाय."